अंड्यातलं औषध

१५ ऑक्टोबर १९८६
भानामती! मेव्हणा मार्तंड साऱ्या चुडावा गावात हेच सांगत हिंडतोय. "दाजी, अक्कावर करणी हाय. जाणत्याकडं नेऊ. मिरच्याची धुरी दिली की बघा कशी बोलतीय." अरे, तुझी बहीण भाकरी थापता थापता थांबते, हातातल्या पिठाकडं बघत बसते. लेकीचं नाव विसरली. धुरीनं काय आठवणार? नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं — मेंदूतल्या नसा मरतायत, इलाज नाही. नाही म्हणजे काय! अनसूया अजून पन्नाशीची नाही. पांडुरंगा, तिनं तुझं काय बिघडवलं?

१७ ऑक्टोबर
स्टेशनवर पेपर वाचला. दोन शास्त्रज्ञांना नोबेल. अंगात एक प्रथिन असतं, त्यावर नसा वाढतात, जगतात. पुढंमागं विसरण्याच्या आजारावरही उपयोग होईल म्हणे. शोध लागला कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लावर.
म्हणजे औषध अंड्यात आहे! मग नांदेडवाला बोलला का नाही?

१८ ऑक्टोबर
गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली.

१९ ऑक्टोबर
शेजारच्या दगडाबाईकडून अंडी आणली. ती हसली — "माळकरी बुवा, आता कोंबडं कवा नेता?" असा संताप आला! उकडायची कशी तेही माहीत नाही. पहिलं फुटलं. वासानं मला उलटी झाली. अनसूयेनं मात्र बोटं चाटून खाल्लं. जन्मात एकादशी न मोडलेली बाई!

९ नोव्हेंबर
रोज अंडी. फरक नाही. काल मलाच विचारते, "तुमी कोणाकडं आलात?"
पूर्णेच्या डॉक्टरला सगळं सांगितलं. तोही हसला! "मामा, ते प्रथिन खाऊन मेंदूत जात नसतं. पोटातच पचून जातं. अजून उंदरांवर प्रयोग चाललेत. माणसापर्यंत कधी येईल, कुणाला ठाऊक."
मग छापता कशाला? वाचणाऱ्याच्या घरात कुणी आजारी असेल, एवढंही कळत नाही? दवाखान्यात ओरडलो. घरी येऊन देवापुढं ओरडलो. दिवा लावला नाही.

१२ नोव्हेंबर
मार्तंड जीप घेऊन आला. "तुमीच अंडे शिजवून घर बाटवलं, म्हणून करणी उतरंना! मी नेतो अक्काला."
"हात लाव तर खरं!"
झोंबाझोंबी झाली. माझा सदरा फाटला. उद्या चार माणसं आणतो म्हणून गेला. भावकीतलं एकही माणूस माझ्या बाजूनं बोललं नाही. सगळ्यांना धुरी बघायचीय!

१३ नोव्हेंबर
आले. मार्तंडनं तिचा दंड धरला. तिनं हिसडा मारला आणि माझ्या पाठीमागं येऊन उभी राहिली.
"मी न्हाई जात. हितला सैपाकी लय मायेचा हाय."
मार्तंडनं मान खाली घातली. जीप रिकामी गेली.
सैपाकी तर सैपाकी. पिठलं टाकलं दोघांपुरतं.