संत्र्याच्या बागेतली सरळ बॅट

नागपूर,
अक्षय्य तृतीयेनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप चंपतराव मामा,

भाचा जितेंद्रचा साष्टांग नमस्कार (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा सात अंगांचाच समजावा). तुमचा दमा आणि विहिरीवरची मोटर, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. प्रेमिला मामीने पाठवलेलं लिंबाचं लोणचं पोचलं आणि संपलंसुद्धा. आम्ही बरे आहोत. पुढच्या महिन्यात उन्नतीची पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या संघासाठी निवड चाचणी आहे, आणि माझी ही लेक क्रिकेटमधलं माझं अक्षरही ऐकत नाही.

दोष तिचा नाही. मोबाईलवर माझी एकच फिल्म सापडते. तीत मी भारताकडून खेळताना सातही वेळा आऊट होतो आणि मागे कुणीतरी सनई लावली आहे. त्यात गेल्या रविवारची भर पडली. इथल्या सदर भागात टेनिस बॉलची स्पर्धा होती, उद्घाटनाला प्रमुख पाहुणा मी. (ज्याला बोलवायचं होतं त्याला वेळ नव्हता, हे मला हार घालता घालता सांगण्यात आलं.) रीत अशी की आयोजकाने एक चेंडू टाकायचा, पाहुण्याने तो कुठेतरी टोलवायचा आणि सगळ्यांनी पोह्यांकडे वळायचं. आयोजक आनंदराव, टाईल्सचे व्यापारी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच चेंडू टाकत होते. तो माझ्या पायांच्या बाजूने इतका सावकाश आला की मध्ये चहा पिऊन झाला असता. पोहे करणाऱ्या बाईंनीही तो मांडवापलीकडे मारला असता. मी डावा पाय पुढे टाकला, कोपर वर केलं आणि अत्यंत सरळ बॅटने तो आनंदरावांना परत केला. त्यांनी तोंड वाचवायला हात पुढे धरले होते, त्यात तो जाऊन बसला. तेव्हापासून भारताच्या खेळाडूला आऊट केलं म्हणून ते सदरभर सांगत फिरताहेत. परतताना स्कूटरवर मागून उन्नती म्हणाली, "बाबा, साईडले सारी जागा खाली होती नं." हेल्मेटमुळे ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

मामा, राग मानू नका, पण यात तुमचा हात आहे. शाळेच्या सुट्टीत तुम्ही मला संत्र्याच्या दोन रांगांमध्ये उभं करून खेळायला शिकवलंत. झाडांवर आंबिया बहाराची बारीक फळं, आणि तुमचा एकच नियम: "सरळ मार. संत्रं पडलं तं आज जेवाले येऊ नको." मी कितीदा तरी उपाशी राहिलो (मामी मागच्या दाराने भाकर द्यायची, आता सांगायला हरकत नाही) आणि सरळ खेळायला शिकलो. त्याच बॅटीवर विदर्भाकडून धावा केल्या, भारतासाठी निवडला गेलो, पेपरात कौतुक झालं. मग एका परदेशी कप्तानाने समोर दोन माणसं उभी केली आणि दोन्ही बाजू मोकळ्या सोडल्या. एवढी मोकळी जागा, की तुमची अख्खी बाग लावता आली असती. सरावात मी आडवे फटके मारायचो, चांगले मारायचो. सामन्यात मात्र हात तिकडे जातच नसत. सात सामन्यांत सगळं आटोपलं. पुढे वीस वर्षं बँकेत नोकरी केली, पण अजून कधी कधी कागदांवर सह्या करताना ती जागा डोळ्यांसमोर येते. वाईट वाटतं, मामा. माझ्याकडून खूप व्हायचं राहून गेलं.

म्हणून ठरवलं आहे, उन्नतीला तुमच्या बागेच्या आसपासही फिरकू द्यायचं नाही. ती गल्लीत शिकली, चहूकडे मारते, तेच बरं.

मामीला नमस्कार. उन्हात पाणी सोडायला जाऊ नका.

तुमचा आज्ञाधारक (तेच नडलं) भाचा,
जितेंद्र

ता.क. उन्नती रोज सरळ चेंडूवर बोल्ड होते आहे. बॅट चहूकडे फिरते आणि स्टंप उघडे पडतात. कोचने हात टेकले. मी सरळ बॅटीचं नाव काढलं की ती हसते. शनिवारच्या नरखेडच्या एसटीने तिला तुमच्याकडे पाठवतो आहे, चाचणीपर्यंत बागेत उभी करा. मला जे काही आलं ते तिथेच आलं. फक्त अधूनमधून तिला आडवंही मारू द्या, फळं गेली तरी चालतील.

आणखी एक. मी कसा खेळायचो हे तिने मला कधी विचारलेलं नाही. तुमच्याजवळ बसली की कदाचित विचारेल. आऊट कसा झालो ते तिला माहीत आहे. तुम्ही त्याच्या आधीचं सांगा.