माझी चूक तुझ्या नावावर

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम.

तू गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन काल मोहन्याला तुझ्या घरी झालं. वंदना झाल्यावर माणसं एकेक करून उठली, तुझ्याबद्दल दोन शब्द बोलली. माझं नाव पुकारलं तेव्हा मी बसल्या जागेवरून हात हलवून नको म्हटलं. लोकांना वाटलं, धाकट्या भावाला दुःखाने बोलवेना. दुःख वगैरे काही नव्हतं. ज्याच्याशी आठ वर्षं धड बोललो नाही, त्याच्याबद्दल माईकवर काय चांगलं बोलणार होतो?

"सुजाता नाही आली?" असं तिघांनी विचारलं. तिला ऑफिस आहे, असं मी सांगितलं. काल रविवार होता, दादा!

माझी मुलगी तुझ्या कार्यक्रमाला का आली नाही, हे तुला मी सांगायला नको. तुझ्यामुळे तिचं इंजिनिअरिंग गेलं, हे मीच तिच्या डोक्यात भरवलं होतं. एकदा नाही, वर्षानुवर्षं. आणि काल सगळे पांगल्यावर वहिनीने कपाटातून विक्रीकराची खाकी फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. ती वाचली, म्हणून हे पत्र. दुसरं काही कारण नाही.

सुरुवातीपासून लिहितो. तुला माहीत आहे, मला अर्धवट लिहिता येत नाही.

ब्याऐंशी साली तू डोंबिवलीच्या एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतलास. एक जुनं लेथ मशीन, एक ड्रिल, दोन कामगार. आपल्या घराण्यात तोवर कोणी स्वतःचा बोर्ड लावला नव्हता. बोर्ड रंगवायला टाकलास आणि त्यावर 'ब्रदर्स' लिहायला सांगितलंस. भागीदारीच्या कागदावर निम्मा हिस्सा माझा! मी ठाण्याच्या कंपनीत टूलरूममध्ये नोकरीला, मी एक पैसा घातला नव्हता. मी म्हटलं, "दादा, मी कशाला?" तर तू हसलास. "अरे, बोर्डावर ब्रदर्स आणि आत मी एकटाच? लोक विचारतील ना, दुसरा कुठंय. आणि हिशेब कोण लिहिणार? माझं अक्षर तू बघितलंयस."

अक्षर बघितलं होतं. तुझा सात आणि एक कोणाला वेगळा ओळखता आला असेल तर शपथ.

मी नववीत शाळा सोडली, पण शिकणं सोडलं नाही. इंग्रजी डिक्शनरी घेऊन बसून शिकलो, ड्रॉइंग वाचायला टूलरूममध्ये उभ्या उभ्या शिकलो. चाळीतले रेशनकार्डाचे, कर्जाचे, शाळेचे अर्ज माझ्याकडे यायचे. ग्रॅज्युएट माणसं माझ्याकडून अर्ज तपासून न्यायची. याचा मला अभिमान होता आणि तुला माझ्याहून जास्त. गाळ्यावर कोणी आलं की तू म्हणायचास, "हिशेब आमचा वसंता बघतो. सीएची गरज नाय आपल्याला."

दर रविवारी सकाळी मी गाळ्यावर यायचो. लाल पेन्सिल, निळी शाई, प्रत्येक बिलाला अनुक्रमांक, प्रत्येक कागदाला तारीख. विक्रीकराचा नियम समजून घ्यायला मी कल्याणला रद्दीच्या दुकानातून एक गाइड आणलं होतं. मुखपृष्ठ नव्हतं, पण आतलं सगळं शाबूत. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं.

तुझं मोठं गिऱ्हाईक वापीचा शेठ. पंपाचे बुश आणि शाफ्ट त्याच्याकडे जायचे. माल राज्याबाहेर जाणार म्हणजे केंद्राचा विक्रीकर. खरेदीदाराने सरकारी छापील सी फॉर्म दिला तर चार टक्के, नाहीतर दहा. आपण बिलात चारच टक्के लावायचो.

एकदा तू म्हणालास, "वसंता, कल्याणला एक कराचे वकील आहेत. शंभर रुपये घेतात. एकदा वही दाखवू या का?"

"मग लिहायला पण त्यांनाच ठेव," मी म्हटलं.

"अरे, नुसती नजर घालतील—"

"माझ्यावर नजर ठेवायला शंभर रुपये देणार तू? दे. मला रविवारी दुसरी कामं आहेत."

दोन रविवार मी आलो नाही. तिसऱ्या रविवारी तू सकाळीच घरी आलास, पिशवीत अर्धा किलो सुकट आणि वह्या. सुकट वहिनीने पाठवली म्हणालास. वह्या माझ्यापुढे ठेवल्यास आणि म्हणालास, "लिही बाबा. चुकलं माझं." वकिलाचं नाव तू पुन्हा घेतलं नाहीस.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे मी सगळ्यांना सांगितलं तेवढं.

आकारणी निघाली. सी फॉर्म नाहीत म्हणून चार आणि दहा टक्क्यांतला फरक, त्यावर व्याज, वर दंड. गाळ्यातून वसूल होण्यासारखं काही नव्हतं आणि तू काही पगारदार नव्हतास. दोघा भागीदारांत पगार एकट्या मला होता. त्यामुळे नोटीस माझ्या कंपनीत आली. पगाराच्या दिवशी खिडकीतला क्लार्क भर रांगेत ओरडला, "या या, कारखानदार! सरकारचे बुडवायचे आणि इथं आठ तास पंचिंग करायचं, मजा आहे तुमची." मागचे हसले. सतरा वर्षं त्या कंपनीत माझा एक लेटमार्क नव्हता. त्या दिवसापासून मी कारखानदार झालो. कँटीनमध्ये, गेटवर, संडासाच्या रांगेतसुद्धा.

कायद्याने जेवढा कापता येतो तेवढा पगार कापला, एक रुपया कमी नाही. दोन वर्षं.

पहिली कापलेली स्लिप घेऊन मी तडक मोहन्याला आलो होतो. तू जेवत होतास. ताटाशेजारी स्लिप ठेवली.

"सी फॉर्म कुठंयत?"

"राहिले रे."

"राहिले म्हणजे? चार वर्षं माल घालत होतास, एक कागद मागता येत नव्हता शेठकडे? तोंडाला कुलूप लावलं होतंस?"

"मागायला बरं नाही वाटलं. मोठा माणूस तो. चुकलं माझं, वसंता."

वहिनी काहीतरी बोलायला गेली. तू तिला म्हणालास, "तू भात वाढ."

तो भात मी खाल्ला नाही. तेव्हापासून तुझ्या घरचं पाणीसुद्धा प्यालो नाही.

त्याच वर्षी सुजाताला कराडला इंजिनिअरिंगची सीट लागली. फी माफ होती, पण होस्टेल, मेस, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान कोण देणार? स्कॉलरशिप यायची ती वर्ष सरता सरता. कापलेल्या पगारात घरभाडं आणि धाकट्याची शाळा एवढंच बसत होतं. तिने सीट सोडली आणि टायपिंगचा क्लास लावला. विचारलं तिने मला, "पप्पा, असं का झालं?" मी म्हटलं, "तुझ्या मोठ्या बाबांना विचार."

विचारलं नाही तिने. तुझ्याकडे यायचीच बंद झाली. तू लेथ विकलंस, सरकारने व्याज-दंडात सूट दिली तेव्हा मूळ रक्कम भरून टाकलीस, आणि म्हातारपणी दुसऱ्याच्या गाळ्यात टर्नर म्हणून उभा राहिलास. मला कळलं तेव्हा मी काय म्हटलं माहीत आहे? "उशिरा सुचलं."

आता फाइल.

आकारणीचा आदेश सात पानी आहे. तिसऱ्या पानावर अधिकारी लिहितो की व्यापाऱ्याने सी फॉर्मऐवजी खरेदीदाराची लेटरहेडवरील पत्रे सादर केली, ती ग्राह्य धरता येत नाहीत. आणि मागे ती पत्रं जोडलेली. सगळी! तारीखवार लावलेली, कोपऱ्यात लाल पेन्सिलीने अनुक्रमांक. 'सदर माल पुनर्विक्रीसाठी घेतला आहे' आणि खाली शेठचा रबरी शिक्का. पहिल्या पत्रावर माझ्या अक्षरात शेरा: 'हे प्रमाणपत्र पुरेसे. सी फॉर्मची आवश्यकता नाही.' खाली माझी लहान सही.

मी ते विसरलो होतो, यावर तुझा विश्वास बसेल? खरोखर विसरलो होतो. राज्यातल्या विक्रीसाठीचा नियम मी राज्याबाहेरच्या विक्रीला लावला. गाइडात दोन्ही प्रकरणं वेगळी होती. मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चुकीचं वाचलं. तू शेठकडे मागितलं नाहीस असं कुठे होतं? मी जे मागायला सांगितलं ते तू प्रत्येक बिलाला मागितलंस, आणि शेठने दिलंसुद्धा.

आणि तुझा जबाब. वाचून दाखवतो, कारण अधिकाऱ्याने लिहिला आणि तू फक्त खाली सही केलीस, वेडीवाकडी. 'हिशेब मी स्वतः लिहीत असे. धाकटा भाऊ फक्त कागदोपत्री भागीदार असून त्यास व्यवहाराची काहीही माहिती नाही.' तू हिशेब लिहीत होतास! तुझ्या सहीशेजारी माझं अक्षर ठेवलेलं, आणि ते कोणाचं आहे हे त्या माणसाने विचारलंसुद्धा नाही. बरं, एवढं खोटं बोलून मी सुटलो का? भागीदार तो भागीदार. जबाब फाइलला लागला आणि माझा पगार कापला गेलाच. खोटं बोललास तेही फुकट.

वहिनीला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं, भावजी? नोटीस आली तेव्हा ते त्या कल्याणच्या वकिलाकडे गेलेले. वकील म्हणाले, ही पत्रं कोणी घ्यायला सांगितली? तर हे म्हणाले, मीच शहाणपणा केला. वकील म्हणाले, अजून फॉर्म आणा, वाचाल. तीनदा वापीला गेलेले. शेठनं पेढी बंद केलेली, घराला कुलूप."

"मला का नाही सांगितलं कोणी?"

"मी सांगत होते. मला म्हणाले, त्याच्याजवळ तेवढं एकच आहे, ते नको काढून घेऊ." मग म्हणाली, "फाइल जाळून टाक, असंही म्हणालेले. मी नाही जाळली. तुम्ही मघाशी माईकवर दोन शब्द चांगले बोलला असता, तर दिली पण नसती."

वहिनीसुद्धा काय बाई आहे!

दादा, तुला वाटलं असेल तू मोठं काम केलंस. नाही केलंस. तू मला अडाणी ठेवलंस. आयुष्यभर मी एकाच गोष्टीसाठी धडपडलो, की मला कळलं पाहिजे, कोणी मला कमी समजून सांभाळून घेता कामा नये. आणि तू नेमकं तेच केलंस. एका चुकीने मी मोडलो असतो असं वाटलं तुला? महिनाभर तोंड लपवलं असतं, मग कायदा नीट वाचून ठाण्याच्या ऑफिसात अपिलाला उभा राहिलो असतो. कदाचित हरलो असतो. पण आठ वर्षं चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या नसत्या. ती आठ वर्षं मला कोण देणार? आणि तुला?

हॉस्पिटलमध्ये एकदाच आलो होतो. उभाच राहिलो, बसलो नाही. तू विचारलंस, "सुजी कशी आहे?" मी म्हटलं, "टाइप करते. दुसरं काय ठेवलंयस तिच्यासाठी?"

तू वहिनीला म्हणालास, याला चहा दे. नळ्या लावलेल्या होत्या तुला, आणि माझ्या चहाची काळजी! तेव्हा तरी बोलायचं होतंस. "वश्या, ती पत्रं तुझी होती," एवढं म्हटलं असतंस तर मी भांडलो असतो, ओरडलो असतो, नर्सने बाहेर काढलं असतं. पण तू हयात असताना कळलं असतं. आता मी कोणाशी भांडू?

मी तुझी माफी मागत नाही. मागितली असती तर तू लगेच दिली असतीस, वर चहा सांगितला असतास. ते मला नको आहे. तुझ्याकडून फुकट मिळालेलं पुष्कळ झालं.

आज सुजाता ऑफिसातून स्वतःच्या घरी न जाता परस्पर माझ्याकडे येणार आहे. मी तिला सांगणार होतो की कार्यक्रम चांगला झाला. आता तसं सांगून भागणार नाही. ती मला काय म्हणेल, हे मी सकाळपासून मनात बोलून बघतोय. माझीच मुलगी आहे, तिची जीभ माझ्यासारखीच आहे. तिने ज्या माणसाचा राग राग केला तो तू नव्हतास, तेव्हा तिच्या समोर रोज जेवायला बसणारा होता, हे ऐकल्यावर ती उठून गेली तर मी तिला थांबवणार नाही.

तुला एवढाच शब्द देतो. आदेशाचं तिसरं पान, ते पहिलं पत्र आणि तुझा जबाब, तिन्ही तिला मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवीन. माझा शेरा वाचताना आवाज खाली आणणार नाही, आणि सहीपाशी आलो की माझं नाव पूर्ण घेईन.

तुझा धाकटा भाऊ,
वसंत