नावापुरता कायदेशीर प्रतिनिधी

७ सप्टेंबर

आधी क्षमा मागतो. चार महिने आणि सहा दिवस या वहीत एक ओळ लिहिली नाही. कारण म्हणून 'कामाचा ताण' असं लिहिलं होतं, ते खोडलं. या काळात मी एकाही दिवशी शब्दकोडं चुकवलेलं नाही. खरं कारण हे की लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि कालपासून जे घडतंय ते लिहावंसं वाटत नाही.

तरी नोंद करतो. आमची कंपनी औषधाच्या गोळ्या पट्ट्यांमध्ये पॅक करणारी मशिनं बनवते. परदेशी व्यवहारांत काय धोका आहे ते मी तपासतो. विभागात मी एकटाच, त्यामुळे विभागप्रमुखही मीच. दोन वर्षांपूर्वी एका देशातल्या सरकारी कारखान्याला बारा मशिनं विकायची होती. त्या देशावरचा अहवाल माझा. राजकीय स्थैर्य: उत्तम (एकोणीस वर्षं एकच राष्ट्राध्यक्ष). कायदा: लिखित स्वरूपात उपलब्ध. एकूण जोखीम: कमी. 'तिथे राहणाऱ्या एका कर्मचाऱ्याचं नाव कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंदवावं लागेल, ही केवळ औपचारिकता आहे,' हे वाक्यही माझंच.

तो कर्मचारी म्हणजे माझा साडू. आमच्याच कंपनीत मशिनं बसवतो, गेली दोन वर्षं तिथेच असतो. नाव मी सुचवलं, कारण त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. आणि तो दर रविवारी आमच्याकडे येऊन माझ्यापेक्षा चांगले विनोद सांगायचा. हे दुसरं कारण तेव्हा कागदावर लिहिलं नव्हतं.

त्या राष्ट्राध्यक्षाला काल दुपारी काढलं.

८ सप्टेंबर

काळजीचं कारण नाही. माणसं बदलतात, कायदा तोच राहतो. साहेबांनी विचारलं, त्यांनाही हेच सांगितलं. त्यांना हायसं वाटलं. त्यांना वाटलं म्हणून मलाही वाटलं.

संकल्प: त्या देशाचा कंपनी कायदा मुळातून वाचणे. अहवालाला जोडपत्र म्हणून मीच जोडला होता. १८४ पानं. रोज वीस पानं, म्हणजे दहा दिवसांत हातावेगळा.

१३ सप्टेंबर

पान ९. नुसत्या व्याख्या आहेत. 'व्यक्ती' म्हणजे कोण, यालाच दीड पान. अक्षर बारीक. चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा, त्याआधी वाचणं डोळ्यांना बरं नाही.

१४ सप्टेंबर

नव्या सरकारने जुन्या सरकारची सगळी कंत्राटं संशयास्पद ठरवली आणि कारखान्याने आमच्या कंपनीवर दावा लावला. आठ दिवसांत. आमच्याकडे एक फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

साडू आज तीन आठवड्यांच्या सुट्टीवर घरी यायला निघाला होता. विमानतळावर पासपोर्ट बघितला आणि परत पाठवला. दावा चालू असेपर्यंत कंपनीच्या कायदेशीर प्रतिनिधीला देश सोडता येत नाही म्हणे. त्याने तिथूनच फोन केला. म्हणाला, "साडूभाऊ, मी इथे भलताच मोठा माणूस निघालो. मला सोडायलाच तयार नाहीत."

तो हसला. मीही हसलो. मग त्याने विचारलं, कधी सुटेल हे. मी म्हणालो, आठवडाभरात, एकवीस तारखेपर्यंत. हा आकडा कुठून आला ते प्रामाणिकपणे शोधलं. सापडलं नाही. 'आठवडा' हा शब्द ऐकायला मऊ आहे, एवढंच.

त्याची मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्या सायकलची मागची छोटी चाकं बाबा आल्यावर काढायची असं ठरलंय. तिला एकवीस तारीख कळवण्यात आली.

२१ सप्टेंबर

नवी तारीख: अठ्ठावीस.

मेहुणीचा फोन बायकोला आला होता. बायको तिला म्हणत होती, अगं, हे स्वतः लक्ष घालतायत ना, तू निश्चिंत राहा. सतरा वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल इतक्या विश्वासाने बोललेलं मी प्रथमच ऐकलं. मग मेहुणी माझ्याशी बोलली. भावजी, तुम्ही त्यातले जाणकार, तुम्ही म्हणाल ते खरं, असं म्हणाली. मी म्हणालो, छे छे. ते तिला विनयाचं वाटलं.

कायदा: पान २२.

२८ सप्टेंबर

नवी तारीख: चार ऑक्टोबर. या वेळी मुद्दाम मंगळवार दिला. सरकारी कचेऱ्या सोमवारी सुस्त असतात.

२९ सप्टेंबर, दुपारी ३.१०

पान ६१ वाचलं.

कंपनीवर दावा असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिनिधीने देश सोडू नये. अपवाद एकच. त्याच कंपनीचा दुसरा कर्मचारी कंपनीचं पत्र घेऊन स्वतः नोंदणी अधिकाऱ्यासमोर हजर झाला आणि त्याने ती जागा घेतली, तर पहिल्याला जाता येईल. दुसरा मग निकालापर्यंत तिथे.

साध्या भाषेत आहे. मी 'केवळ औपचारिकता' लिहिलं तेव्हाही हे पान तिथेच होतं, माझ्याच अहवालाला टाचून. मी 'कायदा उपलब्ध' असं लिहिलं होतं. 'वाचला' असं कुठेही लिहिलेलं नाही, म्हणजे अक्षरशः बघितलं तर मी खोटं बोललेलो नाही. हे वाक्य लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. लिहायला नको होतं.

आज घरी सगळं सांगणार.

३० सप्टेंबर

काल सांगितलं नाही. बायकोचं डोकं दुखत होतं. आज तिचं दुखत नव्हतं, पण दुखण्याची शक्यता वाटली.

साहेबांना अर्धं सांगितलं. बदली माणूस पाठवला तर साडू सुटतो, हे. पान ६१ आमच्या अहवालात पहिल्यापासून होतं, हे नाही. साहेब म्हणाले, मग बघा कोण जातंय ते, शास्त्रशुद्ध पद्धतीने ठरवा.

३ ऑक्टोबर

शास्त्रशुद्ध तक्ता केला. सहा निकष: अनुभव, प्रकरणाची माहिती, कौटुंबिक अडचणी वगैरे. प्रत्येकाला पाचपैकी गुण. निकाल: मी २७, आमचे हिशेबनीस १९.

बेरीज तीनदा तपासली. मग 'मणक्याचं आरोग्य' हा सातवा निकष घातला आणि त्याला दहापैकी गुण ठेवले. आता हिशेबनीस २९, मी २८. मन शांत झालं. एवढ्यात हिशेबनीस माझ्या टेबलाशी येऊन साडूची चौकशी करून गेले. काही मदत लागली तर सांगा म्हणाले.

तक्ता फाडला. (एक प्रत ठेवली आहे.)

५ ऑक्टोबर

चार तारीख येऊन गेली. साडूने काल नेहमीच्या वेळी फोन केला. मुलगी फोनवर आली नाही. मेहुणी सांगत होती, खाटेखाली जाऊन बसली आणि म्हणाली, बाबा खोटं बोलतात. हे मेहुणीने हसण्यावारी न्यायचं ठरवून सांगायला घेतलं होतं, शेवटपर्यंत पोचली नाही. साडूने ते फोनवरच ऐकलं म्हणे आणि फोन ठेवून दिला.

बायको म्हणाली, लहान आहे, विसरेल. मी गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घातलं. बायकोने सकाळीच घातलं होतं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन त्यांची भिजलेली चादर दाखवून गेले. मी त्यांची इतकी मनापासून माफी मागितली की ते संकोचले. चादर धुऊन देतो म्हणालो, इस्त्रीही करून देतो म्हणालो. ते चादर छातीशी धरून मागे सरकत गेले.

तीन तारखा दिल्या. तिन्ही माझ्या. बाबांची एकही नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

मेहुणी सकाळी एकटीच आली. भावजी, ते सगळे कागद मला द्या, मी स्वतः वाचते, म्हणाली. मी म्हणालो, फार किचकट आहे, मी सांगतो ना समजावून. ती म्हणाली, समजावून झालं की तीनदा.

जेवणाच्या टेबलावर बसली. ओळीखाली फूटपट्टी धरून वाचत होती. मी आतल्या खोलीत जाऊन पायमोज्यांच्या जोड्या लावल्या. सगळ्या जुळल्या, असं कधी होत नाही. एक तास वीस मिनिटांनी ती दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, पान एकसष्ट."

मी म्हणालो, हो.

"हे तुम्ही तेव्हा वाचलं होतं का, ते मी विचारत नाही. वाचलं असतं तर तुम्ही यांना पाठवलं नसतं, एवढं मला माहीत आहे. आता त्यांच्या जागी जाणार कोण, तेवढं सांगा."

तिने एखादी शिवी दिली असती तर मी काहीतरी बचाव केला असता.

मी म्हणालो, "मी."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. बायको ऐकत होती.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. बायकोने विचारलं, खरंच जाणार? हो म्हणालो. माळ्यावरची बॅग काढून तिने चेन चालते का ते बघितलं. चालते.

तिथल्या भाषेतले अकरा शब्द पाठ केले. 'पाणी', 'दार', 'सही कुठे करू?'

नुसतं जाऊन भागणार नाही, आधी चूक दुरुस्त केली पाहिजे. 'जोखीम: कमी' हा खोटा शेरा तसाच मागे ठेवून विमानात बसणं मला शोभणार नाही. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

१० ऑक्टोबर

केलं. त्या देशाची जोखीम 'कमी'वरून 'जास्त'. 'बदलाचं कारण' या रकान्यात लिहिलं: 'मूळ अहवाल तयार करताना मी जोडपत्र वाचलेलं नव्हतं.' खाली सही, तारीख. सगळ्या विभागांना पाठवलं. पाठवल्यावर चार वेळा उघडून वाचलं. वाक्य चांगलं उतरलंय. हिशेबनिसांनी येऊन हातात हात घेतला. त्यांना तक्त्याबद्दल सांगावं असं वाटलं, पण प्रसंगाचा रंग बिघडला असता.

११ ऑक्टोबर

साहेबांनी बोलावलं. कारणाच्या रकान्यावर काही बोलले नाहीत. तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. त्यांच्यासमोर प्रवासाचं धोरण उघडं होतं. ज्या देशाची जोखीम 'जास्त' आहे, तिथे कंपनीने कोणत्याही कर्मचाऱ्याला पाठवू नये, त्याची स्वतःची इच्छा असली तरीही. धोरणाखाली सही माझी. तीन वर्षांपूर्वी मीच लिहिलं.

मी म्हणालो, मग चार दिवसांपुरती 'मध्यम' करू. साहेबांनी पान उलटून दाखवलं. कलम १४: एकदा बदललेली श्रेणी सहा महिने पुन्हा बदलता येणार नाही, जेणेकरून लहरीपणाला वाव राहू नये. हेही माझंच. 'लहरीपणा' हा शब्द सुचला तेव्हा मी खूश होऊन बायकोला वाचून दाखवला होता.

स्वखर्चाने जातो म्हणालो. कंपनीच्या तिथल्या वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, कंपनीचं पत्र नसेल तर नोंदणी अधिकारी आत घेणार नाही. आणि पत्र साहेब देणार नाहीत, कारण धोरण.

म्हणजे मी तो शेरा होता तसा ठेवून, गप्प बसून विमान पकडलं असतं, तर साडू शनिवारी घरी आला असता.

एक गोष्ट लिहून ठेवतो, नाहीतर ही वही खोटी ठरेल. केबिनमधून बाहेर पडताना मला बरं वाटलं. जावं लागणार नाही म्हणून. लिफ्ट येईपर्यंत बरं वाटत होतं.

१२ ऑक्टोबर

साडूला फोन करून सगळं सांगितलं. पान ६१, शेरा, कलम १४. त्याने मला पान ६१ पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाला, सहा महिने तर सहा महिने, निदान हा आकडा खरा तरी आहे. विनोद करायचा प्रयत्न होता बहुतेक. मला हसता आलं नाही आणि त्यालाही.

संध्याकाळी मेहुणीकडे गेलो. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बोलत होतो तोवर घालत राहिली. माझं संपलं, तिचे कपडे संपले नव्हते. मुलगी शेजारच्या खोलीत होती, दार लावलेलं.

मग ती म्हणाली, "तीन तारखा तुम्ही दिल्यात आणि तिला मी सांगितल्या. चौथी तुम्ही सांगा, भावजी."

मी म्हणालो, कायदेशीर प्रतिनिधी म्हणजे काय हे तिला या वयात कसं कळणार.

"ते नाही कळणार. खोटं कोण बोललं, ते कळेल. आज नको. आज ती रडून झोपेल आणि सावरायला मी एकटी आहे. उद्या दिवसा या."

घरी आलो तर बॅग माळ्यावर परत गेली होती.

मुलीशी काय बोलायचं याचे मुद्दे काढायला बसलो. पार्श्वभूमी, कारणं, सद्यःस्थिती असं दीड पान झालं. 'सद्यःस्थिती' हा शब्द सहा वर्षांच्या मुलीला. दीड पान फाडलं. प्रत ठेवलेली नाही.

उद्या: चार वाजता शाळेच्या फाटकाशी उभं राहून तिला सांगणे, की त्या तारखा बाबांच्या नव्हत्या, माझ्या होत्या.