मामकुळाचा रकाना

९ जानेवारी, गुरुवार

आला एकदाचा जनुकीय चाचणीचा रिपोर्ट! मधुमेहाचा धोका मध्यम, बीपी मध्यम, मानसिक आजार – कमी. शंभरात चौदावी; आकडा जितका लहान तितका धोका कमी. नानांनी लगेच धुळ्याला फोन लावला. भूषणचे वडील म्हणाले, ‘चला, आता पत्रिका बघायची गरजच नाही.’ दोन फेब्रुवारीला साखरपुडा.

मला भूषण आवडलाय. मग रिपोर्ट परत परत का उघडतेय?

कारण मला माहीत आहे. लाळ माझी होती, पण सोबतचा फॉर्म नानांनी भरला. अगदी बायोडाटासारखा! आईकडच्या कुणाला मानसिक आजार? ‘नाही.’ बाजूच्याच खोलीत आईचा सख्खा भाऊ, माझा प्रेमराज मामा, तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. अठरा वर्षं आमच्याकडे आहे. चोविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले, तेव्हापासून गोळ्या चालू. ‘असल्या कागदावर वाईट लिहीत नसतात’ – इति नाना.

१० जानेवारी

चौदा, चौदा, चौदा. वर्गात पाढे घेतानाही तेच.

१२ जानेवारी, रविवार

धुळ्याची मंडळी मला बघायला आली त्या दिवशी मामाला मुक्ताईनगरला दर्शनाला पाठवलं होतं. आता लग्नातही तेच करायचं म्हणे! अंतरपाटापाशी माझ्यामागे उभं कोण राहणार? ‘रतिलाल आहे की. आईचा मावसभाऊ म्हणजे मामाच,’ नाना म्हणाले. आई पोळ्या लाटत राहिली. रागच आला तिचा.

मामाने सगळं ऐकलं असावं. संध्याकाळी हळूच म्हणाला, ‘बेटा, तुन्हा लगनमा मी कोठे उभा ऱ्हासू?’

मला सायकल यानं शिकवली. पिंप्राळ्याच्या रस्त्यावर कॅरिअर धरून धापा टाकत धावायचा. आणि आज मी? उठून गेले. लाज वाटते लिहायला.

१५ जानेवारी

लॅबला फोन केला. बाई गोड बोलल्या. आकडा लाळेवरून आणि फॉर्मवरून, दोन्ही मिळून काढतात. फॉर्म दुरुस्त करता येतो. केला! ‘नाही’ खोडून ‘आहे – सख्खा मामा’ लिहिलं.

१८ जानेवारी, शनिवार

एकसष्ट.

पुन्हा त्याच बाईंना फोन. ‘ताई, हा अंदाज असतो, निदान नाही. त्यातून ही गणितं बहुतेक परदेशी लोकांवरून बसवलेली.’ मग आधी का नाही सांगितलं? चौदा आला तेव्हा कुणीच काही बोललं नाही! मी तीच आहे. नऊ तारखेला चांगल्या घरची होते, आज नाही.

२० जानेवारी

दोन्ही रिपोर्ट भूषणला पाठवले. खाली लिहिलं – ‘हा माझा मामा. लग्नात माझ्यामागे हाच उभा राहील.’ मामाचा फोटोही पाठवला, तुरीच्या ढिगामागे बसलेला.

निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२१ जानेवारी

नाही.

२२ जानेवारी

नाही. नानांना सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत, साखरपुड्याची यादी तेवढी घडी घालून ठेवून दिली. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं. ‘स्थळ गेलं,’ एवढंच म्हणाले. मीही तेच धरून चालले आहे. तरी दर पाच मिनिटांनी फोन बघते. मूर्ख!

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाहून आले तर दारात धुळ्याची मोटरसायकल. भूषण, एकटाच. मामाजवळ खाली बसून शेंगा सोलत होता. माझ्याकडे बघितलंही नाही. मामालाच म्हणाला, ‘मामा, लगनमा मन्ही रूपाताईजोडे बसशात का? तिले गर्दीमा भ्याव वाटस.’

गर्दीची भीती वाटते म्हणून जिच्याजवळ मामाने बसायचं, ती रूपाताई कोण? आत जाऊन धुळ्याहून आलेला भूषणचा बायोडाटा काढला, दोनदा वाचला. भाऊ – एक. बहीण – नाही.