शनिवारची भट्टी

पुएर्तो सांता एलिसा,
मंगळवार, १० मार्च

प्रिय आई,

तुझी कंबर कशी आहे? मी बरी आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र बसवाल्या विल्मानच्या हाती देतेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तेव्हा चष्मा सापडला नाही ही सबब चालणार नाही.

इकडे कोर्टात सगळं ठीक. आमच्या मध्यस्थी केंद्रात नवा पंखा लागला. सामोपचाराने मिटलेल्या भांडणांचा आकडा आम्ही भिंतीवरच्या फळ्यावर लिहितो, तो या महिन्यात एकतीस झाला. एकतिसावं भांडण तुझं. आणि मला तुझा भयंकर राग आलाय.

तू सही का केलीस?

नगरपालिकेचा माणूस भट्टी बंद करायला आला होता तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तू त्याला शांतपणे म्हणालीस, "धूर नको ना? मग हातातला केकचा तुकडा आधी खाली ठेव." अख्खी गल्ली हसली होती. तीच बाई सहीच्या दिवशी आमच्या केंद्रातल्या टेबलाशी मान खाली घालून बसली. तीही कोणापुढे, तर रिगोबेर्तोपुढे! दोन वर्षांपूर्वी शेजारचं घर घेऊन त्याने समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी चार खोल्या चढवल्या. घर घेतलं तेव्हा भट्टी दिसली नव्हती त्याला? म्हणे, "लोक इथे समुद्राला येतात हो, बेकरीत राहायला नाही. टॉवेलांना वास येतो." त्याचा वकील हसला.

शनिवार-रविवार भट्टी पेटवायची नाही, असं ठरलं. तुझा युकाच्या कंदाचा केक खपतोच त्या दोन दिवसांत. सोमवारी कोण खातं? त्यात ईस्टरचा आठवडा तोंडावर आलाय. आणि हा कागद साधा नाही, आई. तो न्यायाधीशाच्या निकालाइतकाच पक्का असतो. आमचे मध्यस्थ साल्सेदो सर शेवटी दोघांना हात मिळवायला लावून म्हणाले, "इथे कोणी हरत नाही, बाई. दोघंही जिंकून घरी जातात." तू तो हात हातात घेतलास आणि मग एप्रनला नाही, हातातल्या पिशवीला पुसलास. मी पाहिलं.

हो, मी तिथेच होते. हे आता सरळ लिहिते.

कायद्याच्या कॉलेजात प्रबंधात मी लिहिलं होतं की गरिबाने आठ-आठ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नयेत, समोरासमोर बसून बोलावं. ते मला आजही पटतं. पण समोरासमोर बसायला दोन्हीकडे आपलं माणूस लागतं. त्याच्याकडे वकील होता. तुझ्याकडे मी होते, आणि मी टायपिंगच्या टेबलाशी बसून होते.

सुरुवातीला साल्सेदो सरांनी फॉर्म वाचत विचारलं होतं की पक्षकारांचं केंद्रातल्या कोणाशी नातं आहे का. असलं तर प्रकरण दुसऱ्या गावी पाठवावं लागतं. माझी नोकरी पुढच्या महिन्यात कायम व्हायची होती. घरचं भांडण इथे आलं हे मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. मी 'नाही'वर खूण केली. माझ्या टेबलावरच्या नावाच्या पाटीवर फक्त बाबांचं आडनाव आहे, पातेर्निना. कोणाला शंका आली नाही. तू ती पाटी वाचलीस, हळूहळू, ओठ हलवत. आणि मला म्हणालीस, "वकीलबाई, सही कुठे करू?"

माझी अब्रू जाऊ नये म्हणून तू भट्टी सोडलीस. याचाच राग येतो मला. कोणी मागितलं होतं?

मीच मागितलं होतं. तू आत आल्यावर केळीच्या पानातली पुडी माझ्या टेबलावर ठेवलीस. नारळाचा, बडीशेपेचा वास सगळ्या खोलीत पसरला. पान अजून गरम होतं. तू पहाटे उठली असशील. मी पुडी तुझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "पक्षकारांकडून आम्ही काही घेत नाही."

तू ती पिशवीत परत ठेवलीस. "बरोबर आहे," म्हणालीस. त्याच भट्टीवर शिकले मी, आई. तुझ्या हातावरचे चटके मोजत पाढे पाठ केलेत मी.

काल मी न्यायाधीशांना लेखी दिलं की ती बाई माझी आई आहे आणि मी खोटी खूण केली. कागद रद्द होईल की नाही, माहीत नाही. नोकरी बहुतेक जाईल. साल्सेदो सरांनी फळ्यावरचा आकडा तेवढा पुसला नाही. म्हणाले, अजून निकाल यायचाय.

शनिवारी पहिल्या बसने येते. युका किसून ठेव, लाकडं मी फोडीन. तो मजकूर मीच टाइप केलाय, शब्द न् शब्द मला पाठ आहे: एर्मेलिंदा बोओर्केस भट्टी पेटवणार नाही. नको पेटवूस. मी पेटवीन. रिगोबेर्तोला मला कोर्टात खेचू दे. तिथे पहिला प्रश्न नात्याचाच विचारतात. या वेळी तो त्यांनी मला विचारायलाच हवा, मी 'हो' म्हणेन.

दार उघड एवढंच.

तुझी मुलगी,
युरानिस पातेर्निना बोओर्केस