हात मोकळा ठेवायचा नाही

प्रिय दादा,

तू बहारीनला होतास तेव्हा मी तुला नेमाने पत्र लिहायचो. तुझी उत्तरं यायची, आणि त्यातलं निम्मं पत्र तिथल्या माशांना नावं ठेवण्यात जायचं. तू गेल्यापासून मात्र मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. ज्याचं उत्तर येणार नाही असं पत्र लिहिणं हा ढोंगीपणा तर नव्हे, असं मला वाटत राहिलं. पण आज लिहिल्यावाचून भागत नाही. तुझा वसंता तुझीच चूक करायला निघाला आहे.

कुवेतहून त्याचं पत्र आलं. बर्फाच्या कारखान्यात त्याचं मन लागत नाही. लाँचची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मालकाने त्याला बोलावलं आहे. इथवर ठीक. पुढे लिहितो, ‘काका, आधी इथली नोकरी सोडतो, मगच नव्या मालकाकडे जातो. एका होडीवर असताना दुसऱ्या तांडेलाशी बोलू नये, असं बाबा सांगायचे.’

वहिनीने मला हे पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, “भावजी, तुमच्या भावाने शिकवलंय, तुम्हीच निस्तरा. माझे हात मासळीचे आहेत.” मी तडक डहाणू रोडला जाऊन वसंताला तार केली: ‘नोकरी सोडू नकोस, पत्र येतंय.’ ते पत्र लिहायला बसलो आणि हे तुला लिहून बसलो आहे. त्याला सांगायचं ते आधी तुझ्याकडून तपासून घ्यावं, असं समज.

आपल्या वाड्यातली रीत तुला मी काय सांगू? तरी सांगतो. होडीचा मुख्य तो तांडेल. खलाशाला होडी बदलायची तर नारळी पुनवेच्या सुमाराला जुन्या तांडेलाने पाच माणसांसमोर त्याचा उजवा हात मनगटाशी धरायचा आणि म्हणायचं, ‘याचा हात मी सोडला. माझी हरकत नाही.’ मग नव्या तांडेलाने तोच हात धरायचा. मध्ये वेळ जाणार असेल तर घरच्या कुणीतरी धरून बसायचं, पण हात मोकळा ठेवायचा नाही. मोकळ्या हाताच्या माणसाला दर्या आपला समजतो. लहानपणी तू मला हे सांगून इतकं भ्यायला लावलं होतंस, की मी आंघोळ करतानाही एक हात आईच्या पदराला धरून असायचो.

तुझी गंमत अशी, की तू गेलास लाँचवरचा इंजिनवाला म्हणून आणि झालास स्वयंपाकी. एकदा लाँचवर तू लाँचच्या मालकांना, यूसुफ शेठना, कालवण करून वाढलंस आणि शेठ म्हणाले, हा माणूस इंजिनात कशाला? पाच वर्षं तू त्यांच्या मुदपाकखान्यात! खिडकीतून लाँचचा आवाज यायचा आणि कुठल्या इंजिनाचा कुठला भाग खराब झाला आहे, हे तुला कांदा चिरताना कळायचं. ‘जनू, मी इथे विझत चाललो,’ असं तू एकदा लिहिलं होतंस. ते वाचून मला जेवण गेलं नाही.

बंदरावर इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका कारखानदाराला तुझी ओढ समजली. तो तुला भर बाजारात म्हणाला, “माझ्याकडे ये.” आणि तू काय केलंस? तोंड फिरवून उभा राहिलास. “मी दुसऱ्याच्या होडीवर आहे, माझ्याशी बोलू नका.” कारखानदाराला वाटलं, याचं डोकं फिरलंय. तू हे मला किती अभिमानाने सांगितलंस! मलाही तेव्हा अभिमान वाटला होता. तो वाटायला हवा होता का, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

नवं राज्य व्हायच्या आदल्या वर्षीचा तो पावसाळा. डहाणू गुजरातेत जाणार की महाराष्ट्रात, यावर नाक्यानाक्यावर भांडणं चालायची. आपलाच हात कुणाच्या हातात जाणार हे माहीत नाही, अशा दिवसांत तू सुट्टीवर आलास आणि जाहीर केलंस, “शेठ मुंबईला आलेत, पाऊस बघायला. त्यांना पुनवेला इथे आणतो. आपल्या रीतीने हात सोडवून घेतो.”

मी तेव्हा तलासरीच्या शाळेत मास्तर होतो. चारोटीला एसटी बदलून घरी पोचलो तेव्हा माझ्या पिशवीत एक फुलस्केप कागद होता. त्यावर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, की यूसुफ शेठ यांनी पांडुरंग यांस राजीखुशीने नोकरीतून मुक्त केले असून त्यांची काही हरकत नाही. तुझी रीत आणि माझा कागद, दोन्ही तयार. शेठ तेवढे तयार नव्हते.

टांग्यातून उतरताना त्यांचा पायघोळ पांढरा झगा चाकात अडकला. सोडवायला अख्खा वाडा धावला. शेठ अगदी ठेंगणे. आपली आत्या माझ्या कानात, म्हणजे शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशी, म्हणाली, “एवढाच? याला पाच वर्षं रांधून घालत होता आमचा पांडू?”

“बाई क्या बोलती है?” शेठनी विचारलं.

“आपको देखकर बहुत खुश है,” मी म्हणालो. रोजनिशीत त्या दिवशी मी लिहिलं आहे, ‘हे खोटं धरावं की भाषांतर?’ उत्तराची जागा अजून कोरी आहे.

शेठ ओटीवर बसले आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं. पांडूला सोडणार नाही. लाँचला इंजिनवाले पुष्कळ मिळतात. असं कालवण कोण करणार? तुझा चेहरा असा पडला, दादा, की मला तुझ्याकडे बघवेना. मी पिशवीतला कागद आणखी आत सारला.

मग आत्याने ताट वाढलं.

पापलेटाचं कालवण, तांदळाची भाकरी, तळलेले ओले बोंबील. शेठनी पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. मग ते जेवतच राहिले, इतके की आत्याला दुसऱ्यांदा चुलीपाशी जावं लागलं. शेवटी हात धुऊन त्यांनी तुझ्याकडे पाहिलं.

“पांडू,” ते म्हणाले, “पाँच साल मैंने क्या खाया?”

तू मान खाली घातलीस. आत्या फणकारली, “अरे, याच्या हातचं आमची मांजर खात नाही. कोकम कधी घालायचं ते याला कळत नाही. लहानपणापासून इंजिनाजवळ बसतो, इंजिनासारखंच रांधतो.”

या वेळी शेठनी मला भाषांतर विचारलं नाही. ते इतके हसले की टांगेवाला काय झालं ते बघायला ओटीपर्यंत आला. “ले जाओ इसको इंजिन में,” ते म्हणाले. “मेरा पेट बच जाएगा.”

सगळ्या वाड्याची तुझ्यावर हसून मुरकुंडी वळली होती आणि तू एकटा रडत होतास. माणूस इतका वाईट स्वयंपाकी ठरल्याच्या आनंदात रडलेला मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पाच माणसं जमली. तू हात पुढे केलास. शेठनी मनगट धरलं. म्हणायचं वाक्य मी त्यांना सांगितलं. आणि तेवढ्यात आत्याने विचारलं, “हा हात इथे सोडणार, आणि नवा तांडेल?”

“बहारीनला आहे,” तू म्हणालास.

“मग मधल्या दर्यात हात कोण धरणार?”

तू माझ्याकडे पाहिलंस. मी खरंच विचार करू लागलो, की शाळेतून रजा मिळेल का. बोटीचं तिकीट, पासपोर्ट, तुझा हात धरून मी बहारीनच्या धक्क्यावर उतरलो आहे, असं सगळं डोळ्यांपुढे आलं. शेवटी मीच शेठना आत्याची अडचण हिंदीत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकली आणि त्यांचा चेहरा बदलला. तेही तुझं मनगट धरून आपल्या मनात काहीतरी जुळवत होते.

“बुढ्ढी सच बोलती है,” ते म्हणाले. मग त्यांनी समजावलं ते असं: पांडूचा तिकडे राहण्याचा परवाना माझ्या नावावर आहे. कचेरीत तो यूसुफचा माणूस म्हणून लिहिलेला आहे. मी इथे सोडलं म्हणून लिहून दिलं, की तो कुणाचाच नाही. मग त्याला बोटीवरून उतरूच देणार नाहीत. परतीची मुदत आहे तोवर तो माझा म्हणूनच आत आला पाहिजे. आत आल्यावर नव्या मालकाने आपला कागद तयार ठेवायचा, मी माझा ठेवायचा, आणि दोघांनी एकाच दिवशी कचेरीत जायचं. मध्ये एक दिवससुद्धा मोकळा नको.

“म्हणजे आपलीच रीत की,” आत्या म्हणाली. “मग हा पांडू नव्या मालकाशी बोलायला लाजतो कशाला?”

“एका तांडेलाकडे असताना दुसऱ्याशी बोलायचं नाही ना,” तू म्हणालास.

“चोरून बोलायचं नाही. तांडेलासमोर बोललं तर कोण अडवतंय? नीट ऐकायचं नाही आणि म्हणे रीत.”

तू जन्मभर अर्धीच रीत पाळत होतास, दादा, आणि तीही इतक्या निष्ठेने! माझ्या फुलस्केपवर शेठनी त्या दिवशी सही केली असती तर तू आज... म्हणजे तेव्हा, डहाणूतच अडकला असतास. शेठनी तो कागद वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि घडी घालून खिशात टाकला. “वहाँ देंगे.”

पण हात धरला होता, तो आता सोडायचा कसा? आत्याने सोडूच दिला नाही. “गाडीत बसेपर्यंत धरा. पुढचं तुमचं तुम्ही बघा.” टांग्याला ऐन वेळी चाकाने दगा दिला, आणि तुम्ही दोघं डहाणू रोडच्या बाजारातून तसेच, मनगट धरून, चालत गेलात, मागे मी तुझी ट्रंक घेऊन. नाक्यावरच्या हवालदाराने मला बाजूला घेऊन विचारलं, “मास्तर, भावाने काय चोरलं त्या अरबाचं?” चिकूवाल्याने तेच गुजरातीत विचारलं. माझे दोन जुने विद्यार्थी नमस्कार न करता गल्लीत शिरले. तू मात्र नवरदेवासारखा चालला होतास.

पुढचं तू मला नंतर सांगितलंस. बोटीवरून उतरताना शेठनी आठवणीने तुझं मनगट धरलं. कचेरीत कारखानदाराचा कागद पुढे, शेठचा मागे, आणि टेबलापाशी शेठनी तुझा हात उचलून कारखानदाराच्या हातात दिला. कारखानदाराला पुन्हा वाटलं, याचं डोकं फिरलंय, आणि आता शेठचंही. पण शेठ आपल्या भाषेत म्हणाले, “याचा हात मी सोडला. माझी हरकत नाही.” टेबलावरच्या साहेबाने शिक्का मारला. त्यानंतरच्या तुझ्या पत्रांना ग्रीसचे डाग असायचे. मला ती पत्रं फार आवडायची.

वसंताला मी हे सगळं लिहीन. जुन्या मालकाला सांगून, त्याच्या देखत नव्याशी बोल. नव्याचा कागद हातात आल्याशिवाय जुन्याचा सोडू नकोस. परवान्याची मुदत रोज सकाळी तोंड धुताना आठव. आणि कुणाला जेवायला घालू नकोस, तेही तुझ्या बापाकडून आलं असण्याची शक्यता आहे.

एक गोष्ट मात्र त्याला लिहिणार नाही. ती तुझ्यापुरती.

त्या सकाळी तुझा हात माझ्या हातात होता. श्वास थांबला तरी मी तो सोडला नाही. मंडळी आली, तयारी झाली, वहिनीने माझ्या खांद्याला हात लावला, तरी मी तसाच. आत्या आता वाकून जमिनीला टेकली आहे, पण तीच पुढे आली. “सोड, जनू,” म्हणाली. “पलीकडचा तांडेल आल्याशिवाय हा निघाला असता का? आता तरी याला रीत कळली असेल.” मी बोटं सोडली. पण म्हणायचं वाक्य म्हणालो नाही. कसं म्हणणार होतो? माझी हरकत होती. अजून आहे. पाच माणसांसमोर खोटं बोलायचं मला जमत नाही, आणि याचं भाषांतरही करता येत नाही.

पण मी विचार केला आहे. शेठचीही हरकत होतीच की. कालवण वाईट निघालं म्हणून त्यांनी तुला सोडलं, असं आपण सगळे समजलो. पण कचेरीतून बाहेर आल्यावर ते बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभे राहिले होते, हे तूच सांगितलंस. म्हणजे हरकत नसली तरच ते वाक्य म्हणायचं, असं नसावं.

उद्या पुनव आहे. किनाऱ्यावर नारळ घेऊन जाईन तेव्हा आत्या, वहिनी आणि आणखी तिघं सोबत असतील. मी ते वाक्य मोठ्याने म्हणेन, हे माझं तुला वचन. अडखळलो तर आत्या आहेच.

फक्त तिकडे तुला कुठे ठेवलं आहे, तेवढी काळजी वाटते. इंजिनाकडे असशील तर बरंच आहे. पण चुकून मुदपाकखान्यात घातलं असेल, तर एकदा त्यांना रांधून घाल. ते तुला स्वतः हात धरून परत आणून सोडतील. त्याला तर आमची मुळीच हरकत नाही.

तुझा धाकटा भाऊ,
जनू