ऑक्टोबरचं पान

बेलेम, ५ नोव्हेंबर

प्रिय बेने,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. कुरितिबाच्या गारठ्यात चष्मा शोधायचा कंटाळा आला तर बायकोकडून वाचून घे, पण अर्ध्यावर टाकू नकोस. माझं डोकं फिरलंय. कॅलेंडरची अकरा पानं झाली, ऑक्टोबरचं तेवढं रिकामं आहे. त्या पानाजोगा फोटो माझ्याकडे एकच आहे, आणि तो द्यायचा की नाही हे काही केल्या ठरत नाही.

वर्षच सगळं वैतागात गेलं. कॅलेंडर छापणारा झेफेरीनो तुला आठवत असेल, उन्हाळा असो की पाऊस, कोट न काढणारा. त्याला या खेपेला शहरातले प्राणी, सण आणि रस्ते असं तिन्ही हवं होतं. पहिल्या पानासाठी मी मासळीबाजारातली गिधाडं दिली. धक्क्यावर पंख वाळवत बसलेली, मागे बर्फ उतरवणारे हमाल. त्यासाठी तीन पहाटा घातल्या होत्या. तर हा म्हणतो, "बाई, कॅलेंडर लोक जेवायच्या खोलीत लावतात. गिधाडं बघून कुणाला घास उतरेल?" शेवटी बगळा दिला. बगळ्याला कुणी नाही म्हणत नाही. पोपटांच्या मागे लागले, तर पिकला आंबा थेट कॅमेऱ्यावर. मासे साफ करणारी राइमुंदा रोज टोमणे मारायची, "तीस वर्षं गिधाडांचे फोटो काढतेस, इरासी, माझा एक नाही. त्यांच्याहून मी बरी दिसते की!" एकदाचा तिचा काढला, तर नेमके तिने डोळे मिटले. आता रोज विचारते, कुठल्या महिन्यात आहे मी?

त्यात जूनमध्ये आईच्या हृदयाने दगा दिला. अकरा दिवस दवाखान्यात होती. मी तुला लांबलचक निरोप पाठवला आणि तुझं उत्तर आलं, "कळलं." एक शब्द! तेव्हा तू समोर असतास तर मी तुझ्या कानाखाली काढली असती. वडिलांची होडी न विचारता विकलीस, भर जेवणात आई म्हणाली, "पुन्हा माझ्या ताटावर बसू नकोस," आणि तू सहा वर्षं तोच शब्द धरून बसलास. म्हातारी रागात बोलली. रागात कोण काय बोलत नाही? पण तिनेही कधी 'ये' म्हटलं नाही. दोघं एकाच मातीचे, आणि मधल्या मध्ये माझं भरीत.

आज हे लिहिताना चौकातल्या आंब्यावर लटकणारा तो सुस्त स्लॉथ सारखा आठवतोय. मी सतरा वर्षांची, मागून आणलेला कॅमेरा गळ्यात. आईने सांगितलं होतं, आपल्या दुकानात बेनेवर लक्ष ठेव. तो प्राणी मान वळवेल म्हणून मी पाऊण तास झाडाखाली उभी राहिले, आणि इकडे आसाईच्या फळांचा गर काढायच्या यंत्रात तुझ्या डाव्या हाताची तर्जनी गेली, पहिल्या पेरापर्यंत. आईने महिनाभर रोज ती पट्टी बदलली. मला ती एका शब्दानेही बोलली नाही, पण तो फोटो आपल्या घरात कधी लागला नाही. मीही विषय काढला नाही.

तर, ऑक्टोबर. यंदाही मिरवणुकीच्या रविवारी दंतवैद्यांच्या गच्चीवर होते, खाली देवीचा रथ ओढायचा दोर. या शहराचे नवस फिटतात त्या दोरावर. फेडणारे अनवाणी, घामाने निथळलेले, हाताला हात जागा देत नाही. चारशे फोटो काढले आणि दुपारी घरी गेले. आईने सात दिवस शिजवलेली कसाव्याच्या पाल्याची मानिसोबा वाढली. तुझं ताट मांडलं होतं, दरवर्षी मांडते तसं. जेवणं झाली तरी उचललं नाही, वर दुसरं ताट झाकून ठेवलं. मी वैतागले. म्हटलं, "तो तीन हजार किलोमीटर लांब बसलाय, कुणासाठी झाकतेस?" ती म्हणाली, "माशा बसतात गं," आणि आत जाऊन पडली.

काल फोटो मोठे करून बघत होते. एकच जमलेला. दोरावर सातआठ हात, एकाचा चेहरा दुसऱ्याच्या कोपराने झाकलेला. त्याच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेलं मेणाचं हृदय, नवसाचं. आणि दोर आवळलेल्या डाव्या हाताची तर्जनी एका पेराने आखूड. मी तीनदा मोजली बोटं. मग खूप रडले, आणि मग इतका राग आला तुझा की काय सांगू. तू आला होतास. आईसाठी नवस बोललास, तो फेडलास, आणि आम्ही ते ताट झाकत होतो तेव्हा घरापासून चार गल्ल्यांवर सोललेल्या पायांनी उभा होतास. तिथून परत गेलास, बेने!

आईला मी काही सांगितलेलं नाही. झेफेरीनोला मात्र हा फोटो मी देणार, हे लिहितालिहिताच ठरलं. कॅलेंडर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येईल, आणि चुलीवरच्या खिळ्याला अडकवण्याआधी आई बाराही पानं उलटून बघते, तुला माहीत आहे. ते बोट तिला चष्म्याशिवाय ओळखू येईल. तिला हे कॅलेंडरवरून कळायला नको. त्याआधी ये. तुझ्या वाटणीची मानिसोबा तिने बर्फात ठेवली आहे, कुणाला हात लावू देत नाही.

तुझ्यावर तेव्हा लक्ष न ठेवलेली, तुझीच,
इरासी